कॅम्पबेलटाउनचे पिक्चर हाउस आणि आमचे टॉकीज : प्रकल्प नोंदी

१२ मार्च २०१९, ग्लासगो

आमच्या तालुक्याच्या गावातील टॉकीज आठ वर्षांपासून बंद आहे. मालकांचे थोरले चिरंजीव, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, त्यांनी जागा विकण्याचा निर्णय दिवाळीपर्यंत लांबवण्याचे मान्य केले आहे. तेवढ्या अवधीत आम्हा पाच जणांना त्यांच्यापुढे काहीतरी ठोस ठेवायचे आहे. गावातील चौघे इमारतीची कागदपत्रे, परवान्याची स्थिती आणि लोकांचे म्हणणे गोळा करतील. मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करणारी वास्तुरचनाकार असून सध्या ग्लासगोमध्ये नोकरीला आहे, म्हणून एखाद्या लहान गावाने आपले चित्रपटगृह कसे वाचवले याचा अभ्यास करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी कॅम्पबेलटाउनची निवड केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किंटायर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ हे बंदराचे गाव आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ४,८५२ होती. आमचे गाव त्याहून बरेच मोठे आहे. "एवढ्याशा गावात कोण येणार सिनेमा पाहायला" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तर पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावातूनच शोधावे असे मला वाटले.

१६ मार्च

आज दिवसभर वाचन केले. कॅम्पबेलटाउनचे पिक्चर हाउस २६ मे १९१३ रोजी सुरू झाले. त्याआधी तेवीसच दिवस, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला होता. मला ही गोष्ट आतापर्यंत ठाऊक नव्हती आणि ती कळल्यावर काही वेळ पुढचे वाचन झालेच नाही. आपल्याकडे चित्रपटाचा जन्म होत असताना इकडे एक कोळीवजा गाव खास चित्रपटांसाठी बांधलेल्या इमारतीचे दार उघडत होते.

ही इमारत नेमकी त्याच सुमारास का उभी राहिली, याचे कारण एका कायद्यात सापडते. त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निर्माण होतो, त्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते. जत्रेतील तंबूत, सभागृहात किंवा रिकाम्या दुकानात यंत्र मांडून केलेले खेळ म्हणूनच जिवावरचे असत. ब्रिटनमध्ये १९०९ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९१० पासून यंत्राची खोली प्रेक्षागृहापासून वेगळी व अग्निरोधक असणे बंधनकारक झाले. असलेल्या सभागृहात असा बदल करण्यापेक्षा नवी इमारत बांधणेच सोयीचे होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या चार वर्षांत गावोगावी चित्रपटगृहे उभी राहिली, त्यामागे हौसेबरोबर या कायद्याचाही मोठा वाटा होता. कॅम्पबेलटाउनची इमारत ग्लासगोचे वास्तुरचनाकार ए. व्ही. गार्डनर यांनी रचली. आरंभी तीत सुमारे ६४० आसने होती, पुढे ही संख्या कमी होत २६५ वर आली.

२३ मार्च, कॅम्पबेलटाउन

ग्लासगोहून बसने चार तासांहून अधिक वेळ लागला. लॉख लोमंडच्या काठाने, मग 'रेस्ट अँड बी थँकफुल' या घाटातून, इन्व्हररे, लॉखगिल्पहेड आणि टार्बर्ट अशी गावे घेत रस्ता द्वीपकल्पाच्या टोकाकडे उतरतो. घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद झाला की मोठा वळसा पडतो. या रस्त्याने आल्यावर एक गोष्ट आपोआप उलगडते. येथील माणसाला चित्रपट पाहण्यासाठी ग्लासगोला जाऊन त्याच दिवशी परतणे जवळपास अशक्य आहे. गावात पडदा नसेल तर गावाला चित्रपटच नाही.

एकोणिसाव्या शतकात या गावात व्हिस्कीच्या तीसहून अधिक भट्ट्या होत्या, आता तीनच उरल्या आहेत. हेरिंग मासळीचा व्यवसायही पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणजे चित्रपटगृह वाचवणारे हे गाव भरभराटीतले नव्हते, हे अण्णांना मुद्दाम सांगायचे आहे.

पिक्चर हाउस हॉल स्ट्रीटवर, बंदराकडे तोंड करून उभे आहे. जवळच सर जॉन जेम्स बर्नेट यांनी रचलेली ग्रंथालय आणि संग्रहालयाची इमारत आहे. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावर ग्लासगो शैलीची, म्हणजे आर्ट नूव्होच्या वळणदार रेषांची छाप आहे. इमारत लहान असली तरी तिने आपला मान राखून ठेवला आहे. समोरून खारा वारा सतत येतो. खाऱ्या हवेत भिंतीत गाडलेले लोखंड गंजते, गंजल्यावर फुगते आणि आतूनच दगड फोडते, हे कोकणात काम करताना मी अनेक वाड्यांत पाहिले आहे. शंभरहून अधिक वर्षे समुद्रासमोर उभ्या असलेल्या इमारतीची निगा म्हणजे काय, याचा अंदाज मला रस्त्याच्या पलीकडे उभे राहूनच आला. पूर्ण वेळ पाऊस होता. छायाचित्रे फारशी चांगली आलेली नाहीत.

२४ मार्च, कॅम्पबेलटाउन

आज तिकीट काढून आत बसले. चित्रपट कोणता होता याला या नोंदीत महत्त्व नाही.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी घरे आहेत. ती गिलाव्याने घडवलेली असून त्यांना खिडक्या आहेत आणि छपरे आहेत. गावकरी प्रेमाने त्यांना 'वी हाउसेस', म्हणजे इवलीशी घरे, म्हणतात. दिवे मालवण्यापूर्वी खिडक्यांतून उजेड येतो, वर छताला आकाशाचा आभास दिलेला आहे, आणि आपण एखाद्या दक्षिण युरोपीय गावाच्या अंगणात सायंकाळी बसलो आहोत असे वाटू लागते. बाहेर अटलांटिकचा पाऊस चालू असताना हे आकाश पाहणे हा फार हळवा करणारा अनुभव होता.

ही सजावट १९१३ ची नाही. गार्डनर यांनीच १९३५ साली स्वतःच्या इमारतीचा आतला भाग नव्याने रचला, तेव्हा ही घरे आली. प्रेक्षागृहाला मोकळ्या आकाशाखालील अंगणाचे रूप देण्याची ही पद्धत अमेरिकेत जॉन एबरसन यांनी रूढ केली. १९२३ साली उघडलेले ह्यूस्टनचे मॅजेस्टिक हे तिचे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. अशी चित्रपटगृहे मोठ्या शहरांत पुष्कळ बांधली गेली, परंतु स्कॉटलंडच्या एका टोकाच्या गावात ती कल्पना पोहोचावी आणि टिकून राहावी, हे दुर्मीळ आहे. इमारत आज 'अ' श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे, तिचे मोठे कारण हा अंतर्भाग आहे.

येथे माझ्या कामासाठी एक प्रश्न उभा राहिला आणि तो मी टाळू इच्छित नाही. जतन करताना कोणत्या वर्षापर्यंत मागे जायचे? कॅम्पबेलटाउनने १९१३ चा दर्शनी भाग आणि १९३५ चा अंतर्भाग असे दोन्ही काळ मानले. आमच्या टॉकीजच्या बाबतीतही हेच करावे लागेल. मूळचा दगडी दर्शनी भाग, त्यावर नंतर बसवलेली सिमेंटची जाळी, बाल्कनीच्या जिन्यावरील मोझेक लादी, तिकीटखिडकीवर रंगाने लिहिलेले दर, हे सारे वेगवेगळ्या काळांतले आहे आणि लोकांच्या आठवणीत मात्र ते एकच टॉकीज आहे. मूळ रूपाच्या नावाखाली ती जाळी आणि ती लादी काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही.

७ एप्रिल, ग्लासगो

आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरकाकांशी दीड तास दूरध्वनीवर बोलणे झाले. वय झाले असले तरी यंत्राविषयी बोलताना त्यांचा आवाज तरुण होतो.

त्यांनी सांगितलेला हिशोब मी लिहून घेतला आणि नंतर पडताळून पाहिला. ३५ मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटे चालते. तीन तासांच्या चित्रपटाला १६,२०० फूट फीत लागते, म्हणजे आठ रिळे भरून नववे थोडे सुरू होते. दोन यंत्रे शेजारी शेजारी असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटे आणि त्या क्षणी दुसरे यंत्र चालू करावे लागे. यंत्राला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत, त्यांतील अंतर सतत सांभाळावे लागे, नाहीतर पडदा आधी पिवळा पडे आणि मग काळा. खेळ चालू असताना काका एकदाही पूर्ण चित्रपट सलग पाहू शकले नाहीत.

मी त्यांना यंत्रखोलीच्या भिंतीतील चौकोनी झरोक्यांवरच्या लोखंडी पडद्यांविषयी विचारले. ते अजून आहेत, असे ते म्हणाले. आग लागली तर त्या पडद्यांची दोरी किंवा वितळणारी कडी तुटून ते खाली पडावेत आणि ज्वाळा प्रेक्षागृहात जाऊ नये, ही ती योजना. १९०९ च्या ब्रिटिश कायद्यातून निघालेला विचार आमच्या गावातील भिंतीत अजून लोंबतो आहे. यंत्रखोलीचे मोजमाप घेताना या पडद्यांना हात लावू नये, असे मी गावातील मंडळींना आजच कळवले.

२० एप्रिल

ज्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला तो भाग आज लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये १९४६ साली चित्रपटगृहांत १६३ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. १९८४ साली ती संख्या ५.४ कोटींवर आली. दूरचित्रवाणी, मग व्हिडिओ, आणि मोडकळीला आलेली गारठलेली प्रेक्षागृहे, अशी त्याची कारणे होती. कॅम्पबेलटाउनचे पिक्चर हाउस १९८६ मध्ये बंद पडले. जवळपास सर्वत्र हेच घडत होते आणि त्या वेळी कोणी इमारत पाडली असती तर फारसा आश्चर्याचा सूर निघाला नसता.

गावकऱ्यांनी एक सामुदायिक संस्था स्थापन केली, निधी जमवला, इमारतीची दुरुस्ती केली आणि १९८९ मध्ये चित्रपटगृह पुन्हा सुरू केले. त्यानंतर २०१४ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ते चालत राहिले. २०१४ मध्ये मोठ्या जीर्णोद्धारासाठी ते बंद करण्यात आले. लंडनच्या बरेल फोली फिशर या वास्तुरचनाकार संस्थेने आराखडा केला. सुमारे ३५ लाख पौंड खर्च झाले. त्यात राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून वारसास्थळांना मदत देणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा होता. १९३५ चा अंतर्भाग त्याच्या रंगांसह पुन्हा उभा केला गेला, शेजारी नवे बांधकाम करून दुसरा छोटा पडदा आणि प्रशस्त दालन जोडले गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये दार पुन्हा उघडले.

या कथेतील ३५ लाख पौंडांचा आकडा ऐकला की आमच्याकडची मंडळी लगेच म्हणतात की एवढा पैसा आपल्याला कोण देणार. मला हे वाचन चुकीचे वाटते. तो पैसा शेवटी आला. आधीची पंचवीस वर्षे एका लहान गावाने, गळके छप्पर आणि समुद्राचा वारा सांभाळत, दार उघडे ठेवले होते. मोठा निधी देणाऱ्यांसमोर एक चालू चित्रपटगृह होते, त्याचा सांभाळ करणारी संस्था होती, तिचे हिशोब होते. बंद इमारतीच्या आठवणींचा कागद नेऊन एवढी मदत मिळाली असती असे मला वाटत नाही. आमच्या अहवालाचा कणा हाच असावा, असे मी ठरवले आहे: भव्य जीर्णोद्धाराची योजना बाजूला ठेवावी आणि आठवड्यातून दोन दिवस दार कसे उघडता येईल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे.

२८ एप्रिल

बोनेसला जाऊन आले. तेथील हिप्पोड्रोम १९१२ चे असून खास चित्रपटांसाठी बांधलेल्या आणि आज टिकून असलेल्या स्कॉटलंडमधील चित्रपटगृहांत ते सर्वांत जुने मानले जाते. मॅथ्यू स्टील यांनी रचलेले गोलाकार प्रेक्षागृह त्याचे वैशिष्ट्य आहे. १९७५ मध्ये तेथील चित्रपट बंद झाले, काही वर्षे बिंगोचा खेळ चालला, मग इमारत दीर्घकाळ ओस पडली. शेवटी स्थानिक कौन्सिलने जीर्णोद्धार करून २००९ मध्ये ती उघडली आणि २०११ पासून तेथे मूकपटांचा महोत्सव भरतो. म्हणजे बंद पडलेली इमारतही वाचू शकते, पण त्यासाठी मागे एक समर्थ स्थानिक प्रशासन लागले.

परतताना पुण्याच्या आर्यन सिनेमाची आठवण झाली. गंगाधर पाठक यांनी १९१५ मध्ये मंडईजवळ सुरू केलेले हे पुण्याचे पहिले चित्रपटगृह. ते १९८३ मध्ये पाडले गेले आणि त्या जागी वाहनतळ झाले. आज 'आर्यन' या नावाने लोक गाडी कुठे लावली ते सांगतात. हा उल्लेख अहवालात असावा की नाही यावर मी बराच विचार केला. तो असावा, असे माझे मत आहे, कारण आमच्या गावात जागेसाठी येणाऱ्या प्रस्तावांतही तळमजल्यावर वाहनतळच दाखवलेला आहे.

५ मे

अण्णांसाठी कागदावर आकडेमोड मांडायला घेतली. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला होता. त्याहून अधिक दराच्या तिकिटावर तो १८ टक्के होता. आमच्या गावात तिकीट शंभराच्या वर ठेवण्याचा प्रश्नच नाही. रिळांच्या पेट्या एसटीने आणण्याचे दिवस गेले, चित्रपट आता उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी आठ आठवडे चालून झिजलेली प्रत आमच्या वाट्याला येण्याचे कारण उरलेले नाही. अडचण प्रक्षेपकाच्या किमतीची आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या परवान्याची आहे. अग्निशमन, विजेची जोडणी आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांची पूर्तता झाल्याखेरीज तो परवाना मिळणार नाही आणि मिळूही नये.

परवाना मिळेपर्यंत काय करावे, याचा एक धागा येथेच सापडला. स्कॉटलंडच्या बेटांवर आणि दुर्गम गावांत 'स्क्रीन मशीन' नावाचे फिरते चित्रपटगृह १९९८ पासून जाते. ट्रक गावात येऊन थांबतो, दोन्ही बाजूंनी उलगडतो आणि आत ८० जणांची सोय होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतील सिनेमे पाहिलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाही. टॉकीजच्याच मोकळ्या आवारात, रीतसर परवानगी घेऊन, असे अधूनमधून खेळ लावता आले तर गाव त्या फाटकातून पुन्हा आत येऊ लागेल.

१८ मे

अहवाल पाठवला. अण्णांनी शांतपणे वाचला आणि खालच्या मजल्यावर मंगल कार्यालय करण्याची त्यांची इच्छा पुन्हा सांगितली. मी विरोध केला नाही. स्टॉलच्या खुर्च्या तशाही मोडल्या आहेत. उतरती जमीन, पडद्याची चौकट आणि यंत्रखोली कायम राहतील अशा रीतीने लग्नाच्या हंगामात प्रेक्षागृह वापरले गेले, तर इमारतीला उत्पन्न मिळेल आणि ती वापरात राहील. जमीन सपाट करण्याचा विषय मात्र दिवाळीपर्यंत काढू नये, एवढी विनंती केली. ते "बघू" म्हणाले.

२ जून, गावी

तीन आठवड्यांच्या रजेवर आले आहे. सकाळी अण्णांनी स्वतः कुलूप काढले. आत वटवाघळांचा वास होता आणि पडद्यामागच्या भिंतीवर पाण्याचा काळा ओघळ वरपासून खालपर्यंत आला होता. ऑपरेटरकाका जिना चढून वर गेले, झरोक्यावरचा लोखंडी पडदा हाताने उचलून पाहिला आणि पुन्हा जागेवर सोडला. तो अडकला नाही.

ओघळ कुठून येतो ते दुपारी छपरावर चढून पाहिले. पडद्याच्या बाजूच्या आढ्यावरचे पाच पत्रे तडकले आहेत आणि पन्हाळ पिंपळाच्या रोपांनी बुजली आहे. भिंतीत मूळ किती खोल गेले आहे हे रोप कापल्याशिवाय कळणार नाही, आणि ते ओढून काढल्यास दगड सुटतील, म्हणून आधी बुंध्याशी कापून नंतर मुळे मारावी लागतील. पत्र्यांचा खर्च आम्ही पाच जणांनी वाटून घेतला, मजुरी अण्णा देणार आहेत. मृगाला सहा दिवस उरले आहेत. पत्रेवाला उद्या सकाळी आठ वाजता येणार आहे.